मासे खाल्लेला पायलट आणि टॅक्सीत बसून राहिलेला माणूस

घरबसल्या सिनेमा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात या पानावर १९८० च्या ‘एअरप्लेन!’ या विडंबनपटाबद्दल चार ओळी लिहिल्या काय आणि पत्रांचा, मेसेजचा नुसता पाऊस पडला. निम्मे लोक खूश, निम्मे वैतागलेले. वैतागलेल्यांचं आधी घेतो, कारण त्यांचे प्रश्न जास्त चांगले आहेत.

प्रश्न : नमस्कार. तुमचं वाचून आम्ही ‘एअरप्लेन!’ची जुनी डीव्हीडी मिळवली आणि रविवारी जेवणं झाल्यावर सगळे मिळून बघत बसलो. खरं सांगू का, मला चार-दोन ठिकाणी हसू आलं, मिसेस अर्ध्यातून उठून आत गेल्या आणि मुलगा मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, बाबा काय हा आचरटपणा, सिनेमातला एक माणूस हसत नाही मग आपण का हसायचं. एवढं क्लासिक क्लासिक म्हणतात ते नेमकं कशासाठी ओ?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : साहेब, मुलगा हुशार आहे तुमचा, फक्त मोबाईल खाली ठेवायला सांगा. सिनेमातलं कुणी हसत नाही हे त्यानं बरोबर पकडलंय, आणि ते मुद्दाम केलेलं आहे.

ही गोष्ट सुरू होते तीच मुळात व्हिडिओ रेकॉर्डरपासून. जिम अब्राहम्स आणि डेव्हिड झुकर, जेरी झुकर हे दोघे भाऊ, असे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचे तिघे दोस्त. हे एक छोटं नाटक मंडळ चालवायचे, त्यात टीव्हीवरच्या जाहिरातींची टर उडवायचे. त्यासाठी रात्री उशिराच्या मूर्ख जाहिराती हव्यात म्हणून रेकॉर्डर रात्रभर चालू ठेवून द्यायचे. असंच एकदा जाहिरातींच्या मधे मधे एक जुना सिनेमा टेप झाला, १९५७ चा ‘झीरो अवर!’. विमानात जेवणातल्या माशांमधून विषबाधा होते, दोन्ही पायलट आडवे, आणि आता विमान उतरवणार कोण तर प्रवाशांत बसलेला एक माजी लढाऊ वैमानिक, ज्याला युद्धातल्या आठवणींनी पछाडलंय. या कथेमागचा माणूस म्हणजे आर्थर हेली, तोच ज्याची ‘एअरपोर्ट’ ही जाडजूड कादंबरी अजून रद्दीवाल्यांकडे आणि जुन्या लायब्ऱ्यांमध्ये सापडते.

तर या तिघांनी काय करावं? त्या सिनेमाचे हक्कच रीतसर विकत घेतले. सांगाडा तसाच ठेवला, हिरोचं नाव टेड स्ट्रायकर तेच, शीर्षकातलं उद्गारचिन्हसुद्धा तेच. विमान चालवता येणारा आणि वर रात्री मासे न खाल्लेला असा कुणी मागे बसलाय का बघा, या अर्थाचं वाक्य आहे ना? तो विनोद म्हणून लिहिलेलाच नाही. जुन्या सिनेमात ते अगदी गंभीरपणे येतं, लोकांनी तिथं श्वास रोखून धरायचा होता. जुन्यात पायलटच्या सीटवर एल्रॉय ‘क्रेझीलेग्ज’ हिर्श हा नावाजलेला अमेरिकन फुटबॉलपटू होता, म्हणून नव्यात कोपायलट म्हणून करीम अब्दुल-जब्बार हा बास्केटबॉलवाला आणून बसवला, त्या कॉकपिटमध्ये मावत नाही एवढा उंच.

आता नट बघा. लेस्ली निल्सन, रॉबर्ट स्टॅक, लॉइड ब्रिजेस, पीटर ग्रेव्हज, हे तोपर्यंत सगळे गंभीर चेहऱ्याचे गडी. निल्सन तर १९७२ च्या ‘पोसायडन अ‍ॅडव्हेंचर’मध्ये बुडणाऱ्या जहाजाचा कप्तान होता. त्यांना सांगितलेलं एवढंच, की विनोद करू नका, तुम्ही जन्मभर जे करत आलाय तेच करा. संगीत दिलं एल्मर बर्नस्टाइननं, ज्यानं ‘टेन कमांडमेंट्स’ला दिलं होतं, आणि त्यानंही स्वस्तातल्या थरारपटाला साजेल असं ढॅण ढॅण पण पूर्ण इमानदारीनं केलं. प्रेक्षकांकडे बघून कुठंही डोळा मारलेला नाही.

आपल्याकडे हे कळायला अत्र्यांची ‘झेंडूची फुलें’ आठवा, १९२५ ची. केशवकुमार नावानं त्यांनी त्या काळच्या कवींची विडंबनं केली ती चालीत, वृत्तात, थाटात अगदी चोख. वृत्त मोडलं असतं तर ती नुसती टवाळी झाली असती. हल्ली टीव्हीवरच्या आपल्या स्किटमध्ये सिनेमाची खिल्ली उडवतात तेव्हा नट स्वतःच फिसकन हसतो आणि पब्लिकला बघा बघा म्हणतो, मजा येते, नाही असं नाही, पण तो वेगळा प्रकार झाला. नाट्यपंढरीतल्या माणसाला हे मी काय सांगणार, गंभीर प्रवेशात मागच्या शिपायाची मिशी सुटली की हसू जास्त का येतं ते सांगलीकराला माहीतच असतं.

आणि दुसरी गोष्ट, विनोद निम्मे बोलण्यात नाहीतच, मागे आहेत. सुरुवातीला ढगांतून विमानाचं शेपूट शार्कच्या पंखासारखं फिरतं ते बघितलंत? विमान दाखवलंय जेट आणि आवाज येतो पंख्याच्या विमानाचा, अख्खा सिनेमाभर, कारण तिघांना जुन्यासारखं पंख्याचंच विमान हवं होतं आणि स्टुडिओ म्हणाला जेट पाहिजे, मग यांनी आवाजात सूड उगवला. एक नन ‘बॉइज लाइफ’ नावाचं मासिक वाचतीय आणि एक पोरगा ‘नन्स लाइफ’ वाचतोय. लॉइड ब्रिजेस ज्या पोझमध्ये उभा त्याच पोझमधला त्याचाच फोटो मागे भिंतीवर. रॉबर्ट स्टॅक आरशासमोर तयार होतोय असं वाटतं आणि तो चक्क आरशातून बाहेर येतो. अगदी सुरुवातीला विमानतळाच्या स्पीकरवर गाडी कुठं लावायची यावरून बाई आणि बाप्या भांडतात ना, ते आवाज लॉस एंजेलिस विमानतळावर खऱ्या घोषणा देणाऱ्या जोडप्याचे आहेत आणि ते खरंच नवरा-बायको होते. मोबाईल बघत बघत यातलं काय दिसणार? डोळे वर करेपर्यंत तीन विनोद गेलेले असतात.

याच तिघांनी १९८२ मध्ये ‘पोलीस स्क्वॉड!’ ही टीव्ही मालिका केली, पुन्हा निल्सनला घेऊन, आणि सहा भागांत ती गुंडाळली. चॅनलच्या साहेबांनी दिलेलं कारण असं, की ही मालिका समजायला प्रेक्षकाला ती बघावी लागते! आता यावर काय बोलणार. लोक तेव्हाही टीव्ही लावून भाजी निवडत होते म्हणायचं.

एक शेवटचं. तुम्ही सिनेमा कुठं बंद केलात? नावं सुरू झाल्यावर ना? तिथं चुकतंय. त्या नावांच्या यादीत कामाचं नाव आणि माणसाचं नाव यांच्या मधे ‘अ टेल ऑफ टू सिटीज’चा लेखक चार्ल्स डिकन्स अशी ओळ आहे, ज्याचा सिनेमाशी काडीचा संबंध नाही, कॉपीराइटच्या दमदाटीनंतर ‘आता बोला’ छापाचं एक शेपूट आहे, आणि सगळं संपल्यावर तो माणूस येतो ज्याला हिरोनं सुरुवातीला टॅक्सीत बसवून मीटर चालू ठेवून सोडून दिलेलं. तो अजून तिथंच बसलाय आणि अजून वीस मिनिटं वाट बघायला तयार आहे. ओटीटीवर बघणाऱ्यांनी तर जास्तच सांभाळा, तिथं नावं आली की चौकोन बारीक होऊन कोपऱ्यात जातो आणि पुढचा कुठला तरी सिनेमा सुरू व्हायच्या तयारीत असतो. रिमोट हातात धरून बसा आणि चौकोन पुन्हा मोठा करा.

मिसेसना एकदा पहिली दहा मिनिटं परत दाखवून बघा, नाही आवडलं तर सोडून द्या, सगळ्यांना आवडायलाच पाहिजे असा काही कायदा नाही.

प्रश्न : दादा, माझा मेव्हणा दिवाळीला अमेरिकेहून येतोय, त्याच्याकडून ‘एअरप्लेन!’ची ब्लू-रे मागवावी म्हणतोय. इथल्या प्लेअरवर चालेल का? माझ्याकडे पूर्वीची व्हीसीडी पण आहे, दोन डिस्कवाली, तिच्यात आणि ह्याच्यात एवढा फरक पडतो का, विनोद तर तोच ना?
— एक वाचक, मिरज

उत्तर : विनोद तोच पण दिसला तर! व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, त्यात त्या ननच्या हातातल्या मासिकाचं नाव वाचता येतंय का बघा बरं. एका डिस्कवर साधारण ७४ मिनिटं मावायची म्हणून ८८ मिनिटांचा सिनेमा दोन डिस्कवर, म्हणजे ऐन लँडिंगच्या वेळी उठून डिस्क बदला. त्या काळात तेच परवडायचं हेही खरं, मोझर बेअर कंपनीनं २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी काढल्यावर तर लोक भाजीच्या पिशवीतून सिनेमे घरी आणायला लागले.

आता मुद्द्याचं. डीव्हीडीला रीजन असतो, म्हणजे ती कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्याचा कोड, अमेरिकेचा १ आणि आपला ५, त्यामुळे तिकडची डीव्हीडी इथल्या साध्या प्लेअरवर बऱ्याचदा चालत नाही. ब्लू-रेला अमेरिका ए आणि भारत सी. पण बऱ्याच ब्लू-रेवर रीजनचं कुलूप घातलेलंच नसतं, तेव्हा मेव्हण्याला म्हणावं कव्हरच्या मागचा फोटो आधी पाठव. फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कला तर रीजन कोड नसतोच, फक्त तिला तसला प्लेअर लागतो, साध्या ब्लू-रे प्लेअरमध्ये घालून डोकं लावत बसू नका.

दुसरं एक कुणी सांगत नाही ते सांगतो. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो आणि आपल्याकडच्या टीव्हीच्या ‘पाल’ (PAL) पद्धतीची डीव्हीडी २५ नी. म्हणजे सगळं चार टक्के जोरात पळतं, ८८ मिनिटांचा सिनेमा साडेचौऱ्याऐंशी मिनिटांत संपतो आणि आवाजही कणभर बारीक होतो. मारधाडीच्या सिनेमात कळणार पण नाही. पण इथं निल्सन एक वाक्य टाकतो आणि मग नुसता थंड बघतो, त्या थांबण्यातच सगळं आहे, आणि तेवढं थांबणंच कातरलं जातं. ब्लू-रेवर २४ चे २४ च राहतात. मला विचाराल तर चित्र चकचकीत दिसण्यापेक्षा ब्लू-रे घ्यायचं हे खरं कारण.

चौकटीचंही बघा. हा सिनेमा १.८५:१ च्या आडव्या चौकटीसाठी काढलेला, जुन्या टेप आणि टीव्हीचा पडदा ४:३ चा, त्यामुळे टेप करताना एक तर कडा कापायचे किंवा वरखालचा नको तो भाग उघडा टाकायचे. कडेला उभा असलेला विनोद कापला की गेला. आणि घरी मोठा टीव्ही असेल तर सेटिंगमध्ये जाऊन चित्र ताणणं बंद करा, चेहरे पसरट करून बघायची लोकांना काय हौस असते कळत नाही, आणि ते मोशन स्मूद का काय असतं तेही बंद करा, त्यानं सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. सबटायटल्स हवी असतील तर इंग्रजीच लावा, फक्त दोन कृष्णवर्णीय प्रवासी त्यांच्या ठसक्यात बोलतात तिथं पडद्यावर येणारी सबटायटल्स हा सिनेमाचाच भाग आहे, त्यावर तुमची सबटायटल्स चढून बसली तर तेवढ्यापुरती बंद करा.

डिस्कवर तिघा दिग्दर्शकांची आणि निर्माता जॉन डेव्हिसनची कॉमेंट्री, म्हणजे सिनेमा चालू असताना त्यावर मारलेल्या गप्पा, असेल ती मागवा, स्ट्रीमिंगवर ती सहसा मिळत नाही. जिम अब्राहम्स २०२४ च्या नोव्हेंबरात गेले, त्यामुळे आता तिघांना एकत्र ऐकायचं तर असंच.

प्रश्न : ताई/दादा जे कोण असाल ते, दोन मुलं आहेत, एक नऊ वर्षांचा, एक तेरा. सासरेबुवा पण टीव्हीसमोरच असतात. सगळ्यांनी मिळून बघण्यासारखा आहे का?
— एक वाचक भगिनी, तासगाव

उत्तर : दादा. आणि नाही, सगळ्यांनी मिळून नको. अमेरिकेत त्याला पीजी, म्हणजे पालकांच्या सल्ल्यानं मुलांना चालेल असं, सर्टिफिकेट मिळालेलं म्हणून लोक फसतात. गोंधळाच्या सीनमध्ये एक बाई कपड्यांशिवाय क्षणभर कॅमेऱ्यासमोरून जाते, ऑटोपायलट म्हणून हवा भरून फुगवलेला एक बाहुला आहे, त्याचा एक प्रसंग आहे तो सासरेबुवांसमोर लागला तर तुम्हाला पाणी आणायला आत जावं लागेल, आणि कॅप्टन कॉकपिटमध्ये आलेल्या लहान मुलाला जे प्रश्न विचारतो ते आजच्या नजरेनं बघताना मलाही अवघड वाटतं. वर्णावरून केलेले काही विनोदही आता शिळे झालेत, सगळं माफ करायची गरज नाही. तेरा वर्षांच्याला तुमच्यासोबत वर्ष-दोन वर्षांनी दाखवा. तोपर्यंत दोघांना निक पार्कचा ‘द राँग ट्राउझर्स’ दाखवा, १९९३ चा, मातीच्या बाहुल्यांचा, अर्ध्या तासाचा. त्यात एक पेंग्विन चोरीचा बेत आखतो, जुन्या थरारपटांची अशी झकास नक्कल आहे आणि कुत्रा आणि पेंग्विन अवाक्षर बोलत नाहीत, त्यामुळे इंग्रजीचं पण टेन्शन नाही. सासरेबुवा पण बसतील.

प्रश्न : २०१९ च्या पुरात आमच्या घरात पाणी आलेलं, त्यात सिनेमांच्या डीव्हीडी, व्हीसीडी आणि व्हीएचएस कॅसेटचा एक ट्रंक बुडाला. तेव्हा गच्चीवर टाकून वाळवलं आणि तसंच ठेवलं. तुमचं वाचून ट्रंक उघडला, कॅसेटवर पांढरं काहीतरी आलंय. चालवून बघू का?
— एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : चालवू नका! कॅसेट तर अजिबात नाही. ते पांढरं म्हणजे बुरशी. व्हीसीआरमध्ये घातली की ती बुरशी आणि कृष्णेचा गाळ हेडवर चढणार, टेप चिकटलेली असेल तर तुटणार, आणि मग पुढची प्रत्येक चांगली कॅसेटही त्याच मशीनमध्ये खराब होणार. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी फुनाई, तिनंही २०१६ मध्ये काम थांबवलं, त्यामुळे चालू मशीन असेल तर ते जपा.

आधी वाटण्या करा. बाजारात मिळणाऱ्या सिनेमांच्या कॅसेट एका बाजूला, त्या सोडून द्या, तेच सिनेमे चांगल्या प्रिंटमध्ये मिळतील. घरातली लग्नं, मुंज, वडिलांचा आवाज असलेल्या कॅसेट दुसऱ्या बाजूला, आणि त्या स्वतः उघडत न बसता बुरशी काढून डिजिटल करून देणाऱ्या माणसाकडे न्या. देताना सांगा की पुरात भिजल्यात, लपवू नका. हाताळताना तोंडाला मास्क बांधा आणि कामं उघड्यावर करा, ती बुरशी छातीत जाणं बरं नाही.

डिस्कची गोष्ट सोपी आहे. डीव्हीडीत माहितीचा थर दोन पातळ प्लास्टिकच्या चकत्यांच्या मधे असतो म्हणून ती बऱ्यापैकी टिकते. व्हीसीडीत तो थर वर, छापील बाजूच्या लगेच खाली असतो, त्यामुळे व्हीसीडीची चित्राची बाजूच जास्त नाजूक, तिथं नखानं खरवडलं तर चंदेरी पापुद्रा निघून येतो आणि सिनेमा त्याच्याबरोबर. साध्या स्वच्छ पाण्याखाली धरून गाळ वाहून जाऊ द्या, आधी पुसू नका, गाळात रेती असते. मग मऊ सुती कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. उन्हात नको, सावलीत उभ्या करून वाळवा. उजेडासमोर धरून बघा, चंदेरी थराला भोकं दिसली तर ती गेली. कव्हरमधले कागद प्लास्टिकला चिकटले असतील तर ओढू नका, पाण्यात भिजत ठेवा, आपोआप सुटतात.

आणि परत ट्रंकात तळाशी ठेवू नका, तुम्हाला काय सांगायचं, माळ्यावर ठेवा.

प्रश्न : ‘झीरो अवर!’ आधी बघू की नंतर? आणि ‘एअरप्लेन!’ झाल्यावर पुढं काय?
— एक विद्यार्थी, कुपवाड

उत्तर : नंतर. आधी बघितलास तर तो एक साधा, काळापांढरा, ८१ मिनिटांचा ठीकठाक सिनेमा वाटेल. नंतर बघितलास तर शेजारी ऐकू जाईल एवढा हसशील, कारण तिथं तेच लोक तेच बोलतायत आणि विनोद करतच नाहीयेत. जमलं तर ‘एअरपोर्ट १९७५’ पण बघ, त्यात विमानातल्या आजारी मुलीसाठी एक नन गिटारवर गाणं म्हणते, आणि मग ‘एअरप्लेन!’मधली हवाईसुंदरी गिटार घेऊन तिथल्या आजारी मुलीची सलाईनची नळी का पाडते ते कळेल.

पुढं ‘पोलीस स्क्वॉड!’चे सहा भाग, मग १९८८ चा ‘नेकेड गन’. ‘एअरप्लेन २’ सोडून दे, १९८२ मध्ये आला पण हे तिघे त्यात नव्हते आणि निल्सनही नाही, तेच विनोद पुन्हा गरम करून वाढलेत. डीव्हीडीचाच शौक असेल तर ‘माँटी पायथन अँड द होली ग्रेल’ची २००१ ची डीव्हीडी शोध. सिनेमा १९७५ चा, घोड्यांना पैसे नव्हते म्हणून मागचा माणूस नारळाच्या करवंट्या वाजवत पळतो. डीव्हीडी लावली की आधी भलताच सिनेमा सुरू होतो, तेव्हा दुकानदाराला फोन लावू नकोस. आणि मेन्यूमध्ये ‘हा सिनेमा न आवडणाऱ्यांसाठी’ म्हणून वेगळी सबटायटल्स आहेत, ती लावलीस की खाली शेक्सपिअरच्या ‘हेन्री चौथा’ नाटकाच्या दुसऱ्या भागातली वाक्यं येतात, जी वरच्या सीनला कशीबशी जुळतात. पहिल्यांदा बघताना साधी इंग्रजी लाव, ती दुसऱ्या वेळेला.